तपासणी होईपर्यंत सापांनी थांबावे

बेहडाटोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत कोणी आजारी पडायचं नाही, असं ठरलं होतं. तसा लेखी आदेश नव्हता. पण अधीक्षक डॉक्टर वीरेंद्र कटरे यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की गेटवरच्या चैतरामने ते मनावरच घेतलं. वच्छला सिस्टर मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्यापलीकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरलं होतं, रोवणीच्या बाया रांगेने वाकल्या होत्या, आणि गेल्या पंधरवड्यात याच बांध्यांमधून साप चावलेले तीन रुग्ण आले होते. सापांना मीटिंगला कोणी बोलावलं नव्हतं.

हा सगळा थाट होता 'समग्र'साठी. समग्र म्हणजे रुग्णालयाच्या एकात्मिक व्यवस्थापनाचं ॲप. बाह्यरुग्ण विभाग, औषधभांडार, प्रयोगशाळा, चादरींची धुलाई, सगळं एका दोरीत ओवायचं आणि त्यातून रुग्णसेवा सुधारायची, अशी ही योजना. ती राबवायला सहा महिन्यांपूर्वी हिमांशू नावाचे सल्लागार आले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, तोंडात मराठी-हिंदीची खिचडी. वयाने वच्छला सिस्टरांच्या लेकाएवढे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी सिस्टरांना रुग्ण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बावीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं, कारण सलाइन लावायची होती आणि हिमांशू सर नेमके स्टँडसमोर उभे होते.

पूर्वी रुग्ण यायचा, व्हरांड्यात बसायचा आणि डॉक्टरांची वाट बघायचा. आता तोच रुग्ण गेटबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बसून तेवढीच वाट बघायचा. फरक एवढाच, की समग्र त्याला वाट बघणारा मानत नव्हतं. वेळ मोजायला सुरुवात व्हायची टोकन निघाल्यापासून, आणि चैतराम टोकन काढायचा डॉक्टरांसमोरची खुर्ची रिकामी झाल्यावर. सरासरी प्रतीक्षा चार मिनिटं! हिमांशू सरांनी त्याचा रंगीत आलेख छापून दर्शनी भिंतीवर लावला होता. मोहाखालची माणसं तो गेटच्या गजांमधून बघत तासन्‌तास बसायची.

आता विभागाच्या तपासणीचं पथक येणार होतं आणि त्यांना एक मॉक ड्रिल दाखवायची होती. स्थानिक गरज म्हणून विषय निवडला होता सर्पदंश. रुग्ण गेटवर आला की सात मिनिटांत त्याला औषध सुरू, असा तो प्रयोग. खऱ्या रुग्णावर हे दाखवता येणार नव्हतं. खरा रुग्ण वेळेवर येत नाही, सांगितलेल्या ठिकाणी कण्हत नाही, आणि कधी कधी सरळ मरतो. म्हणून गावच्या खेमराजला बोलावलं होतं.

खेमराज झाडीपट्टीच्या नाटकांतला नट. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत तो रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या स्टेजवर मरायचा. त्याचं मरण बघायला लोक सालेकशापासून यायचे. पावसाळ्यात नाटकं बंद, त्यामुळे तो मोकळाच होता. आठ दिवस तालीम चालली आणि आठही दिवस तो मेला.

"अरे भाई, यहाँ बचना है. सात मिनिटात वाचायचं आहे," हिमांशू सर कपाळाला हात लावून म्हणाले.

"सर, पंचवीस वर्सांत मी एकाही नाटकात वाचलो नाही जी," खेमराज हात जोडून म्हणाला. "तरी पाहतो जमते का."

वच्छला सिस्टरांना हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांचा जीव अडकला होता फ्रीजमध्ये. सापाच्या विषावरच्या औषधाच्या वीस बाटल्या तिथे होत्या, बोटाएवढ्या, आणि फ्रीजला होतं कुलूप. तपासणीसाठी समग्रमधले आकडे सोमवारीच गोठवले होते. ॲपमध्ये वीस म्हणजे फ्रीजमध्ये वीसच निघाल्या पाहिजेत, म्हणून कटरे सरांनी कुलूप लावलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली आणि किल्ली खिशात टाकली. ड्रिलसाठी म्हणून, आधीच्या रुग्णांना वापरून रिकाम्या झालेल्या बाटल्या धुऊन त्यांत नळाचं पाणी भरलं होतं. स्टीलच्या ट्रेमध्ये त्या अशा ऐटीत मांडल्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं, आता साप चावला तरी हरकत नाही.

"सर, रोवणीचे दिवस आहेत," सिस्टर सकाळी पुन्हा एकदा बोलल्या. "साप काय तपासणी पाहून डसते का? कोणी आलंच तर?"

"बारापर्यंतचा प्रश्न आहे सिस्टर," कटरे सर म्हणाले. "सहा महिन्यांची मेहनत आहे. बारानंतर तुम्ही म्हणाल तसं."

अकराला पथक आलं. तिघं होते. पथकप्रमुख मॅडमनी फोनवर स्टॉपवॉच लावून घेतलं आणि तिघंही तातडीच्या कक्षात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रुग्णवाहिका धुऊन, झेंडूची माळ घालून गेटजवळ उभी होती. तिच्यातून खेमराज स्ट्रेचरवर उतरणार होता. ठरल्याप्रमाणे चैतरामने टोकनचं यंत्र ड्रिलवर टाकलं. ड्रिल चालू असताना दुसरं टोकन निघत नाही. सगळ्यांनी एकाच रुग्णावर लक्ष द्यावं म्हणून हिमांशू सरांनी मुद्दाम केलेली ही सोय होती.

वच्छला सिस्टर स्ट्रेचर आत आणायला गेटवर आल्या आणि त्यांना मोटारसायकल दिसली.

ओमेश गाडी चालवत होता, मागे त्याचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये गच्च धरून बसवलेली ओमेशची बायको नीतू. गुडघ्यापर्यंत बांधीतला चिखल, डाव्या घोट्याच्या वर पदराची चिंधी आवळलेली.

"ओ सिस्टर!" ओमेश गाडी उभी करायच्या आधीच ओरडला. "बांधीच्या धुऱ्यावर साप डसला जी! अर्धा घंटा झाला. नाग होता, म्या सोता पाहिला."

"टोकन नाही निघत आता," चैतराम गेटच्या गजांमागून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण यंत्रापुढे त्याचं काही चालत नव्हतं. "बारानंतर या. नाही तं गोंदियाले न्या."

"गोंदिया? अबे, थे तिथवर टिकंल का?"

वच्छला सिस्टरांनी नीतूची हनुवटी वर केली. "वर पाहा बाई. डोरे उघड."

नीतूने प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावर आल्या आणि पुन्हा पडल्या. "झोप येऊन राहिली," ती म्हणाली, आणि तेही नाकातून, जड जिभेने. तोंडात साचलेली लाळ तिला गिळता येत नव्हती. हे काय आहे ते सिस्टरांना पुस्तकात बघावं लागत नव्हतं. आधी पापण्या, मग घसा, मग श्वास. तासभर हातात असेल, कदाचित तेवढाही नसेल.

त्या धावत आत गेल्या. कटरे सर दाराशीच हात मागे बांधून उभे होते. सिस्टरांनी हळू आवाजात सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, पण नजर पथकावरून हटेना.

"रेफर करा. रुग्णवाहिकेत घालून पाठवा."

"रुग्णवाहिका तुमच्या नाटकात उभी आहे, सर."

"मग वीस मिनिटं थांबवा. सिस्टर, प्लीज. आकडे गोठवलेले आहेत."

वच्छला सिस्टरांना आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती इच्छा त्यांनी गिळली आणि परत गेटकडे वळल्या. बाहेर एक प्रकार घडला होता. खेमराज रुग्णवाहिकेतून आपणहून उतरून खाली उभा होता. त्याने नीतूकडे बघितलं होतं. स्टेजवर हजार वेळा मरण केलेल्या माणसाला खरं मरण ओळखायला वेळ लागला नाही.

"सिस्टर, माही जागा तिले द्या," तो म्हणाला आणि मनगटावरचा ड्रिलचा पिवळा पट्टा काढून त्याने स्वतःच नीतूच्या हातात चढवला. "मी मांगून रडत येतो. नातेवाईक पाहिजेच ना कोनी."

दोन मिनिटांनी स्ट्रेचर तातडीच्या कक्षात आलं तेव्हा त्यावर बावन्न वर्षांच्या मिशाळ पुरुषाऐवजी चिखलाने माखलेली बाई होती. हिमांशू सरांनी टॅबलेटकडे पाहिलं, मग बाईकडे, मग पुन्हा टॅबलेटकडे.

"यात तर पुरुष रुग्ण लिहिलाय," पथकप्रमुख मॅडम म्हणाल्या.

"ऐनवेळी पात्र बदललं, मॅडम," वच्छला सिस्टर म्हणाल्या. "आमच्या झाडीत नाटकात चालते असं."

"छान! म्हणजे सरप्राइज एलिमेंट आहे." मॅडमनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. मागून खेमराजने हंबरडा फोडला. ओमेशही रडत होता, पण खेमराजच्या गळ्यापुढे त्याचं रडणं कोणाला ऐकू गेलं नाही.

सुई शिरेत गेली, सलाइन सुरू झाली. कटरे सरांनी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे पुढे सरकवला. आता सिस्टरांनी जे केलं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. त्या ट्रेला हातही न लावता पथकाकडे वळल्या आणि शाळेत पाठ म्हणावा तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आता पायरी चौथी. फ्रीजमधून औषध काढणे, नव्वद सेकंद. घड्याळ लावा."

मॅडमनी खरोखरच घड्याळ लावलं. "चला, सुरू."

कटरे सर जागेवर खिळले. हिमांशू सर काहीतरी पुटपुटले. त्यात 'ट्रे' हा शब्द होता. पण सेकंद पळत होते, आणि सेकंद पळताना बघितले की हिमांशू सरांचा स्वभाव आड यायचा. "सर, चाबी! टाइम जा रहा है!" ते ओरडले. सहीची पट्टी टर्रकन फाटली, कुलूप निघालं आणि दहा बाटल्या सिस्टरांच्या हातात पडल्या. अठ्ठ्याऐंशी सेकंद झाले. पथकातल्या एकाने टाळी वाजवली.

औषध हलक्या हाताने विरघळवून सलाइनमध्ये चढवेपर्यंत नीतूचा श्वास उथळ झाला होता. एवढ्यात तिला उलटी झाली, थोडी जमिनीवर, थोडी कटरे सरांच्या पांढऱ्या बुटांवर. सरांनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यानंतर त्यांनी पथकाकडे एकदाही बघितलं नाही. तोंड साफ केलं, मान सरळ केली, ॲम्बू बॅग घेतली आणि श्वास देऊ लागले. रुग्णाला हात लागला की हा माणूस वेगळा व्हायचा. पंधरा वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात अडलेल्या बाया मोकळ्या केल्या होत्या, हे वच्छला सिस्टरांना आठवलं, आणि त्यांना राग आला तो याचाच, की एवढा चांगला डॉक्टर असा आकड्यांखाली पुरून ठेवला होता.

पथक अर्धा तास थांबलं. मॅडमनी एकूण प्रयोगावर खूश असल्याचं सांगितलं. उलटीसाठी मात्र अर्धा गुण कापला, कारण स्वच्छतेचा निकष होता. नातेवाइकाच्या कामाला पूर्ण गुण मिळाले. निघताना ग्रुप फोटो ठरला.

"रुग्णाचं काम करणाऱ्या ताईंनाही उठवा ना," मॅडम म्हणाल्या.

"त्या भूमिकेत आहेत अजून," खेमराज डोळे पुसत म्हणाला. मग मॅडमनी कौतुकाने स्वतःच्या स्वागताचा पुष्पगुच्छ नीतूच्या छातीवर ठेवला, फोटो निघाला आणि गाड्या देवरीच्या दिशेने गेल्या. वच्छला सिस्टरांनी पहिलं काम केलं ते पुष्पगुच्छ उचलून फेकण्याचं. श्वास मोजताना तो मध्ये येत होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नीतूने डोळे उघडले. पापण्या पूर्ण वर गेल्या. ओमेशला ओळखलं, प्यायला पाणी मागितलं, आणि ते तिच्या घशाखाली उतरलं. वच्छला सिस्टर औषधांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून पाच मिनिटं पोटभर रडल्या. खेमराज दाराबाहेर कोणाला तरी सांगत होता, "पापन्या अशा पाडनं मले सात जन्मात जमलं नसतं."

पंधरा दिवसांनी निकाल आला. बेहडाटोला विभागात पहिलं. प्रमाणपत्र चौकटीत बसवून आलेखाच्या शेजारी लागलं, आणि त्याच आठवड्यात वच्छला सिस्टरांना नोटीस आली.

ॲपमध्ये औषध होतं वीस, फ्रीजमध्ये दहा. ड्रिलमध्ये झालेला वापर हा वापर नसतो, त्यामुळे समग्रने एकही बाटली वजा केली नव्हती. कारणे दाखवा, असं नोटिशीत म्हटलं होतं: मॉक ड्रिलमधील नकली रुग्णावर दहा बाटल्या अस्सल औषध का खर्च केलं? खाली सही डॉक्टर वीरेंद्र कटरे यांचीच.

"वरून आलेला मजकूर आहे, सिस्टर. मी फक्त सही केली," कटरे सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले.

"सर, तुम्हीच तिले श्वास दिला. तुम्ही लिहून द्या ना, रुग्ण खरी होती म्हणून."

"लिहितो. मग ड्रिल खोटी ठरते. पहिला नंबर जातो, आणि औषध कुलपात का होतं ते विचारतात." त्यांनी पेपरवेट उचलून नोटिशीच्या प्रतीवर ठेवला. "मला लाज वाटते सिस्टर, खरंच वाटते. पण नाही लिहू शकत."

सिस्टरांनी मग हिमांशू सरांना गाठलं आणि नीतूचं नाव ॲपमध्ये चढवायला सांगितलं. हिमांशू सरांनी प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. पण टोकनशिवाय रुग्ण नाही, आणि आज टोकन काढलं तर उपचार टोकनच्या आधी पडतात. पडद्यावर लाल अक्षरं आली: वेळ अमान्य.

"सिस्टर, सिस्टम के हिसाब से तो ये लेडी आलीच नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आदरही होता. सिस्टम कुठेच चुकली नव्हती.

नोटिशीचं सिस्टरांना फार वाटत नव्हतं. उरल्या नोकरीत वेतनवाढ थांबली तर थांबली. त्यांना झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीने. उरलेल्या दहाही बाटल्या ऑगस्टमध्ये साप चावलेल्या एका गुराख्याला लागल्या. त्याची रीतसर नोंद झाली, टोकन निघालं, दहा वजा झाल्या. आता ॲपमध्ये दहा शिल्लक होत्या आणि फ्रीज रिकामा होता. शिल्लक दहाच्या खाली गेल्याशिवाय समग्र वरून औषध मागवत नव्हतं. रोज सकाळी गेटवर मोटारसायकल थांबली की सिस्टर हातातलं काम टाकून आधी मागे बसलेल्याच्या पापण्या बघायच्या.

"हे दहा वजा करायला रस्ताच नाही का काही?" त्यांनी विचारलं.

हिमांशू सरांनी बराच वेळ टॅबलेट खालीवर केला. "एक आहे. 'वापर' नाही होणार. 'अपव्यय' होईल. लेकिन रीझन डालना पड़ेगा."

कारणासाठी चार पर्याय होते. बाटली फुटली. मुदत संपली. चोरी झाली. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. पहिल्याला फुटलेल्या काचेचा फोटो लागत होता, दुसऱ्याला तारीख, तिसऱ्याला पोलीस. चौथ्याला फक्त कर्मचाऱ्याची सही पुरत होती.

"सिस्टर, सोच लो," हिमांशू सर म्हणाले. "हे तुमच्या सर्व्हिस बुकात जाणार. कायमचं."

वच्छला सिस्टरांनी चष्मा पुसला, पडद्यावर बोटाने सही केली आणि इंजेक्शनचा ट्रे घेऊन वॉर्डात गेल्या. पाचव्या दिवशी गोंदियाहून गाडी आली. वीस बाटल्या आल्या, बर्फाच्या डब्यातून.

त्या फ्रीजमध्ये रचत असतानाच नीतू पायाची पट्टी बदलायला आली. घोट्यावरची जखम भरत आली होती. ओमेश बाहेर मोहाखाली चार मिनिटांच्या रांगेत बसला होता. नीतूच्या हातात रिकामी प्लॅस्टिकची पिशवी होती. तिला कागद न्यायचा होता.

"सरपंच म्हने, दवाखान्याचा कागद आन. साप डसल्याचा," ती म्हणाली. "तं चैतरामभाऊ म्हन्ते, तुया नावाचा कागदच नाही. माहं नाव काऊन नाही जी सिस्टर? मी तं दोन दिवस इथंच होती."

सिस्टरांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि जुनी पट्टी हळूहळू सोडवली.

"नाव नाही तुयं," त्या म्हणाल्या. "पन औषध आहे लिहिलेलं. दहा बाटल्या. वाया गेल्या म्हनून."

नीतूला काही कळलं नाही. ती तिच्या त्या टकटकीत उघड्या डोळ्यांनी सिस्टरांकडे बघत राहिली.